अठ्ठ्याहत्तरचं पाऊल

करडवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत टाचणवही म्हणजे देवळातली घंटा. आल्यावर वाजवायची आणि पुढं जायचं. उद्या काय शिकवणार, कसं शिकवणार, ते मास्तरानं आदल्या दिवशी वहीत लिहायचं आणि मोठ्या गुरुजींनी खाली सही करायची, असा दस्तूर. मास्तर गेल्या सालचं उतरवून काढायचे, मोठे गुरुजी न वाचता सही ठोकायचे. सातवीच्या वर्गात अख्खं विसावं शतक असंच पाच वर्षं एकाच मजकुरावर चाललं होतं.

नव्वद सालच्या ऑगस्टात अंगद मास्तरानं त्या वहीत जे लिहिलं, त्यावर मात्र पंडित गुरुजींचा पेन थांबला.

‘विषय : विसावे शतक. साहित्य : चुन्याची फक्की, पाट्या, नव्वद पावलं. प्रश्न : लेकरं विचारतील. उत्तरं : गाव देईल.’

“हे काय लिवलंय, अंगदराव?”

“धडा लिवलाय, गुरुजी.”

“पुढल्या महिन्यात गटसंमेलन आपल्या शाळेत हाय. दहा गावचे मास्तर येनार, विस्तार अधिकारी साहेब येनार. नमुना पाठ तुमच्याकडं दिलाय तो तुमी तरणे हाव म्हणून. आन् तुमी चुना मागायलाव?”

“दोन घमेली फक्की बास होईल.”

पंडित गुरुजींची नोकरी दीड वर्ष उरली होती आणि ती दीड वर्षं त्यांना अंगावर ओरखडा न येता काढायची होती. त्यांनी सही केली. न वाचता सही करायची सवय माणसाला वाचूनही सही करायला लावते.

अंगदला आपल्या धड्याविषयी तसूभर शंका नव्हती. धनगराचं पोर. बाप येडबा पेडगावच्या शिवारात मेंढरं चारत होता आणि हा मेंढरामागं पुस्तक घेऊन हिंडत शिकलेला. ज्या पुस्तकांतून तो शिकला त्यांत त्याचा बाप कुठं नव्हता. बाप तर सोडाच, बापाचा जिल्हाही दीड पानात उरकलेला. रझाकार आले, पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. हा राग त्याच्या पोटात वीस वर्षं होता आणि आता त्याच्या हातात खडू होता.

त्यानं फाटकापासून पाण्याच्या हौदापर्यंत पांढरी रेघ ओढली. पोरांच्या पावलानं नव्वद पावलं मोजली. पावलापावलावर आडवी खूण. फाटकाशी एकोणीसशे, हौदाशी नव्वद.

“आता आपापल्या जन्माच्या सालावर जाऊन हुबे ऱ्हावा,” तो म्हणाला. “शाळेच्या दाखल्यावर आसंल ते साल.”

तेवीस लेकरं पळाली आणि तेवीसच्या तेवीस एकाच खुणेवर जाऊन एकमेकांच्या अंगावर पडली. अठ्ठ्याहत्तर. पहिलीत नाव घालताना पंडित गुरुजींनी सगळ्यांची जन्मतारीख एकच मांडली होती, एक जून अठ्ठ्याहत्तर. आईबापाला विचारत कोण बसतो?

“गुर्जी, समद्या गावाच्या बाया एकाच दिशी बाळंत झाल्या व्हय?” कुणीतरी म्हणालं आणि जी हसाहशी झाली ती ऑफिसात पंडित गुरुजींना ऐकू गेली.

“आता कळलं का, कागद बी लबाड बोलतो?” अंगद म्हणाला. “मंग खरं कुठं सापडंल?”

“घरी!”

“घरी जावा. म्हातारीला इचारा, म्हाताऱ्याला इचारा. पर एक ध्यानात ठिवा. एकाच्या बोलण्यावर पाटी ठिवायची न्हाई. दोन गवाही पायजेत. आन् त्या दोन गवाही एका आळीतल्या नकोत. एका आळीतली माणसं एकच गोष्ट सांगत्यात. दोन आळ्यांनी तेच सांगितलं तर ते खरं.”

हा कायदा अंगदनं स्वतः केला आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. वर्तुळाला परीघ असतो तसा इतिहासाला हा कायदा, असं तो पोरांना सांगायचा.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत गाव आलं. म्हाताऱ्यांना सन कुणाला ठाऊक? त्यांचं पंचांग निराळं. मानमोडीच्या तापाच्या साली, एका चितेवर दोन दोन जळायचे तव्हा. रझाकारीत आमी चार महिने उसाच्या फडात निजलो तव्हा. एस.टी. पहिल्यांदा आली आन् बैल बुजले तव्हा. दुष्काळात खडी फोडली आन् सुकडी खाल्ली तव्हा. लेकराचं वय सांगायचं तर ते अशा एखाद्या खुंटीला अडकवायचं. गावातल्या प्रत्येक बाईनं आपलं प्रत्येक बाळंतपण असंच अडकवून ठेवलेलं होतं. अंगद आणि पोरं मिळून त्या खुंट्यांचे सन लावायचे. रेघेवर पाट्या चढत गेल्या. ज्या पोरांना परीक्षेत हैदराबाद संस्थानातले कुठलेही चार जिल्हे सांगता येत नव्हते, ती मधल्या सुट्टीत भांडायची, “ये, मानमोडी अठरा साली, तू इसावर कामून हुबा ऱ्हायलास?”

अठ्ठ्याहत्तरवरची गर्दी पांगली. कुणी सत्याहत्तरला गेलं, कुणी एकोणऐंशीला. शेवटी त्या खुणेवर एकटी पोरगी उरली, यशोधरा. गावाच्या पूर्वेला बौद्धवाडा. कागदावर तसं लिहायचे, बोलताना गावाची जीभ अजून जुनाच शब्द काढायची. यशोधरा तिथली. काटक, काळीसावळी, प्रश्न विचारल्यावर मास्तराच्या डोळ्यात बघून उत्तर देणारी.

“मी आठ्ठ्याहत्तरचीच हाय, गुर्जी. आजीनं सांगितलं. आमची घरं जाळली त्याच्या चवथ्या दिशी मी झाले. पेडगावच्या वाटंला, बाभळीखाली.”



अंगदला ते साल ठाऊक नव्हतं असं नाही. मराठवाड्यात कुणाला ठाऊक नव्हतं? जुलैत विधानसभेनं ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. विद्यापीठ औरंगाबादला. आग लागली ती खेड्यापाड्यातल्या कुडांना, ज्यांतल्या माणसांनी विद्यापीठाचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याला आता बारा वर्षं झाली होती. नाव अजून दिलेलं नव्हतं. आग मात्र ताबडतोब दिली होती.

“लिहून आण,” अंगद म्हणाला. “आजी सांगंल तसं, एक सबूद न गाळता. आन् बाकीच्यांनो, तुमच्या आळीत इचारा. दुसरी गवाही पायजे.”

पोरं गेली आणि रिकामी परत आली. मधल्या आळीतले म्हणाले, आमी त्या दिशी परभणीला बाजाराला गेलतो. वरल्या आळीतले म्हणाले, आमी बी बाजाराला गेलतो. मारुतीच्या पाराशी राहणारा आश्रुबा नव्वदीचा, आग लागली तेव्हाच सात वर्षं खाटेला खिळलेला. तोसुद्धा बाजाराला गेला होता.

“गुर्जी,” एक पोरगं म्हणालं, “समदं गाव बाजारात, मंग घरं राखाया कोण व्हतं?”

हसू आलं पण कुणी हसलं नाही.

यशोधरा अंगदसमोर येऊन उभी राहिली. “आमच्या वाड्यात चौदा घरं हायत. चौदा गवाही देते.”

“एकाच आळीतल्या.”

“मंग आमची घरं जळली न्हाईत?”

“जळली. मला ठावं हाय.”

“तुमाला ठावं हाय तर ठिवा की पाटी.”

आपल्याच हातानं केलेला कायदा आपल्याच नरड्याला लागावा, तसं अंगदचं झालं. कायदा मोडला तर उद्या कुणीही म्हणेल, मास्तरानं मनचं शिकवलं. नाही मोडला तर या पोरीचं सालच रेघेवरून पुसलं जाईल, तेही इतिहासाच्या नावानं. तो एवढंच म्हणाला, “पाठाला पंधरा दिवस हायत. गवाही येईल.”

“आन् न्हाई आली तर?”

“येईल.”

रविवारी तो घरी गेला. बाप मेंढराच्या कळपाशी बसून काठी सोलत होता.

“बा, आठ्ठ्याहत्तरला करडवाडीत आग लागली तव्हा तू कुठं व्हतास?”

“मेंढरामागं. करडवाडीच्याच माळाला.”

“काय दिसलं?”

“धूर.”

“मंग काय केलंस?”

येडबानं काठीवरून चाकू फिरवला. “मेंढरं दुसऱ्या अंगाला वळविली.”

“हे माझ्या लेकरांपुढं सांगशील?”

“खुळा झाला का? दरसाली मेंढरं करडवाडीच्या मालकांच्याच रानात बसवायची आस्त्यात मला. लेंडी त्यांच्या रानाला, दाणा आपल्या घराला. त्यांच्याच दारात जाऊन मी धूर दिसला म्हनू?” मग काठी खाली ठेवून, “तुज्या फीचा दाणा बी तिथलाच व्हता, मास्तर.”

अंगद तिथून उठला तो राग घेऊनच, आणि या वेळी त्यातला निम्मा स्वतःवर होता.

गावात बातमी जायला किती वेळ लागतो? मंगळवारी शाळा समितीचे अध्यक्ष व्यंकटराव ऑफिसात आले. साठ एकर रान, दोनदा सरपंच, पांढरं धोतर. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. पंडित गुरुजी उभेच राहिले.

“मास्तर, पोरं रेघेवरून पळायल्यात, बरं वाटलं बघून. मपली नात कमल तर घरी कुणाला जेवू देईना, आबा हे कवा झालं, ते कवा झालं. आता आसं करा. रेघ आठ्ठेचाळीसला थांबवा. रझाकार गेले, आपण हिंदुस्थानात आलो, झेंडा लावा, टाळ्या वाजवा. साहेब खूश, आमी खूश.”

“विसावं शतक अठ्ठेचाळीसला संपत न्हाई, व्यंकटराव.”

नावानं हाक. पंडित गुरुजींनी डोळे मिटले. या खोलीत त्या माणसाला ‘मालक’ सोडून दुसरं कुणी काही म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

“पुस्तकात हाय का आठ्ठ्याहत्तर?” व्यंकटराव हसतच होते.

“न्हाई.”

“जे पुस्तकात न्हाई ते शिकवायचा पगार मिळतो व्हय तुमाला?”

“जे पुस्तकात हाय ते लेकरांना वाचता येतं. मास्तर लागतो तो बाकीच्याला.”

“देवगाव फाट्याच्या पल्याडल्या शाळेत जागा खाली हाय म्हनं. एक शिक्षकी हाय. पावसाळ्यात वाट राहत न्हाई.”

“तिथं बी लेकरं आसतील.”

व्यंकटराव उठले. दारात थांबून पंडित गुरुजींना म्हणाले, “ह्याला समजावून सांगा. मेंढरं हाकल्याली जात, वाट दाखवल्याबिगर कळत न्हाई.”

बदली पुढं झालीच, दिवाळीच्या सुट्टीत हुकूम आला. असल्या माणसांचं बोलणं खोटं होत नाही, हेच तर त्यांचं भांडवल. पण तो हुकूम यायला अजून दोन महिने होते आणि पाठाला सहा दिवस.

पाठाच्या दिवशी पटांगण शेणानं सारवून काढलं. दहा गावचे मास्तर सतरंजीवर, विस्तार अधिकारी साहेब खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर व्यंकटराव. रेघ नव्वदपर्यंत गेलेली होती. व्यंकटरावांनी ती पाहिली, पण साहेबांसमोर काय बोलणार? शिवाय त्यांना मास्तराचा कायदा नातीकडून कळलेला होता. दुसरी गवाही या गावात मिळणार नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं?

अंगदनं उद्दिष्टं वाचली नाहीत, प्रस्तावना केली नाही. फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि ओरडला, “एकोणीसशे अठरा! पहिली गवाही?”

“मानमोडीचा ताप, गुर्जी! आमच्या आज्याचे चार भाऊ एका हप्त्यात गेले!”

“दुसरी गवाही?”

“आमच्या वस्तीत एक घर ऱ्हायलं नव्हतं, ज्यात दिवा लावाया माणूस व्हतं!”

“ठिवा पाटी!”

असा पाठ त्या दहा गावच्या मास्तरांनी बापजन्मात पाहिला नव्हता. मागच्या ओळीतले तंबाखू मळायचे थांबले. अठ्ठेचाळीसला एका पोरानं आजोबांची नक्कल केली, रझाकार आल्याची वर्दी ऐकून म्हातारा कसा कणगीत बसला आणि शिंक कशी आली, तेव्हा साहेब पोट धरून हसले. बहात्तरला सुकडीचं वर्णन ऐकून तेच साहेब रुमाल काढून चष्मा पुसू लागले, कारण त्यांनीही ती खाल्ली होती.

रेघ पुढं सरकली. पंचाहत्तर. सत्याहत्तर.

“अठ्ठ्याहत्तर,” अंगद म्हणाला. आवाज तोच. “पहिली गवाही?”

यशोधरानं वही उघडली.

“लक्ष्मीबाई, माझी आजी. ती दाई हाय. आजी म्हणती, नागपंचमीच्या आदल्या दिशी मला एका घरी बाळंतपणाला बलावलं. घर सांगणार न्हाई, बाळंतिणीचं घर दाईनं सांगू नाई. सांजच्याला लेकरू झालं. तवर बाहीर गलका झाला. माळवदाच्या झरोक्यातून बगितलं तर आमच्या वाड्यावर धूर. मी नाळ बी कापली न्हाई. तशीच पळाले. आले तर चौदा घरं पेटल्याली. माझी सून दिवस भरल्याली, तिला खांद्यावर घिऊन पेडगावची वाट धरली. चवथ्या दिशी यशी झाली.” तिनं वही मिटली. “एवढंच.”

साहेबांनी पाय जवळ घेतले. मास्तरांतला कुणीतरी खाकरला.

“दुसरी गवाही?” अंगदनं विचारलं.

पोरं एकमेकांकडं बघू लागली. व्यंकटरावांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली.

“दुसरी गवाही?” त्यानं परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं आणि खूण मोकळी सोडून पुढं जायचं, असा त्यांचा नेम. यशोधरा त्याच्याकडं बघत होती. त्यानं तोंड उघडलं.

“गुर्जी, मी हाय.”

एकोणऐंशीच्या खुणेवरून कमल बोलली होती. व्यंकटरावांची नात. दोन वेण्या, लाल रिबिनी.

“तू एकोणऐंशीची हायस ना?”

“आबा म्हणले, एकोणऐंशी लिही. पर तुमी म्हणलाव ना, एकाच्या बोलण्यावर ठिवायचं न्हाई. मंग मी राती आजीला इचारलं. कस्तुराबाई, माझी आजी.” ती अठ्ठ्याहत्तरवर येऊन यशोधराशेजारी उभी राहिली. “आजी म्हणली, तू कशाची एकोणऐंशीची? म्हारवाडा जळला त्या सांजंला झालीस तू. नागपंचमी दुसऱ्या दिशी. दाई नाळ न कापताच पळाली. मंग आजीनंच कापली, इळा तापवून. आजीचा हात भाजला, डाग हाय अजून.”

“कमल!” व्यंकटराव म्हणाले.

“थांबा की आबा, गवाही मधी तोडायची न्हाई.” ती मास्तराकडं वळली. तिच्या आवाजात कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं, असलं काही नव्हतं. धडा बिनचूक म्हणायचा, एवढंच होतं. “आजी म्हणती, तिसरी बी पोरगीच झाली म्हणून आबा तोंड पाडून वसरीला बसल्याले. दिवसभर घरीच व्हते, बाजाराला गेले न्हाईत. माणसं यायलती, आबाला इचारून परत जायलती.”

“काय इचारून?” हे साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

“ते आजीनं सांगितलं न्हाई.”

पटांगणात बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते न सांगता कळलं. पन्नास माणसं एका खुर्चीकडं बघत होती आणि खुर्चीतला माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुठं बघावं ते शोधत होता. बारा वर्षं अख्ख्या गावानं एकाच बाजाराची आण घेतली होती. पोलीस आले, साहेब आले, पुढारी आले, बाजार टिकला. पण त्या दिवसाची खुंटी घराच्या आत, बाळंतिणीच्या खोलीत ठोकलेली होती आणि ती काढून घ्यायचं एकालाही सुचलं नव्हतं. बायका काय बोलतात ते यांनी कधी ऐकलं होतं?

यशोधरानं कमलकडं पाहिलं. “म्हंजी ते घर तुमचं व्हतं.”

“आन् ती दाई तुजी आजी,” कमल म्हणाली. दोघी एकमेकींकडं अशा बघत राहिल्या, जणू पहिल्यांदाच भेटत होत्या.

अंगदनं रेघेकडं बोट केलं. “दोन आळ्या. दोन गवाही. ठिवा पाटी.”

पाटी यशोधरानं लिहिली, ‘१९७८, बौद्धवाडा जाळला, चौदा घरं.’ कमलनं एक कोपरा धरला, तिनं दुसरा, आणि खाली चुन्यावर ठेवली.

व्यंकटराव उठले. धोतराचा सोगा त्यांच्या पायात आला. “साहेब, हे शिक्षण हाय का? लेकरांच्या तोंडून घराची बदनामी? पंडित गुरुजी, बंद करा हे!”

पंडित गुरुजींनी ओठ ओले केले. सगळं आयुष्य ज्या माणसानं ‘हो मालक’ म्हणण्यात काढलं, त्याच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. पण ‘हो’ही निघालं नाही. ते खाली सतरंजीकडं बघत तसेच बसून राहिले, आणि त्यांच्या मानानं तेही पुष्कळच होतं.

साहेब हळूच म्हणाले, “मास्तर, वेळ किती राहिला?”

“बारा वर्षं, साहेब.”

“घ्या मग.”

व्यंकटराव रेघेपर्यंत आले. नातीचा दंड धरावा म्हणून हात पुढं केला आणि दहा गावच्या माणसांसमोर तो तसाच हवेत राहिला. “चल घरी,” ते म्हणाले.

“पाठ व्हायचाय अजून, आबा,” कमल म्हणाली. “तुमी व्हा पुढं.”

ते गेले. फाटकाकडं जायची वाट रेघेच्या कडेनंच होती. एकेका सालाशेजारून, पोरांच्या रांगेसमोरून त्यांना जावं लागलं. पोरांनी कुणी काही म्हटलं नाही. त्यांचं ध्यान मास्तराकडं होतं.

अंगद पुढल्या खुणेकडं वळला.

“एकोणऐंशी! आता तिथं कोण हाय?”

“मी, गुर्जी!” मागून एक बारका आवाज आला. “आमच्या वस्तीत लाईट आली!”

“पहिली गवाही झाली. दुसरी?”

एकदम सात हात वर आले.